भूल

हल शहरात, हंबर नदीपासून दोन रस्ते आत,
मोटारी धुतात त्या दुकानाच्या मागे
विटांचं एक बसकं हॉस्पिस आहे.
मराठी माणूस शेवटाला टेकला की
तिथं मला तासावर बोलावतात.
अकरा वर्षांत हे तिसऱ्यांदा.

बिडकर आजोबा. खाट सात.
हयात गेली साखर कारखान्यात, बॉयलरवर.
मुलगा समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करतो,
वारं सुटलंय म्हणून तिकडेच अडकलेला.

आजोबा चादर चिमटीत धरतात, खेचतात, सोडतात,
पुन्हा धरतात. पाय पलंगाबाहेर टाकतात.
"काटा लाल रेघेवर गेलाय, अरे, कुणी बघतंय का?"
नर्स विचारते, काय म्हणतायत?
मी सांगते, प्रेशरचा काटा.
ती त्यांचं ब्लडप्रेशर घेते.

डॉक्टर थॉर्प खुर्ची ओढून बसल्या.
असलं काही त्या उभ्यानं सांगत नाहीत.
मिडॅझोलॅम, म्हणाल्या. कातडीखाली बारीक सुई,
छोटा पंप, दिवसभर थोडं थोडं.
आधी अगदी कमी. मग बघत राहू,
कपाळावरची आठी, आवळलेली मूठ.
पुरलं नाही तर किंचित वाढवू,
जास्त झालं तर उतरवू.
मरण येतंय ते आजाराच्या चालीनं,
औषध त्याला हात धरून आणणार नाही.
फक्त ही तगमग. त्यांना शांत करायचंय.

इथं माझी जीभ अडली.
शांत करायचंय म्हणू?
आपल्यात माणूस शांत झाला म्हणजे संपलं.
भूल म्हणू? भूल म्हणजे चूकही,
आणि ती या बाईला जन्मभर पुरली असती.
गुंगी म्हटलं की रेल्वेतला चहा आठवतो,
सकाळी उठून बघावं तर सामान गेलेलं.
ग्लानी पोथीतली.
झोप म्हणावं, तर विचारतील,
उठतील कधी?

नियम असा, की दुभाष्यानं पदरचं काही घालू नये.
मी गप्प. डॉक्टर गप्प.
बाहेर सीगल काचेवर चोच आपटत होता.

वेणूताईच बोलल्या, रुमालाची घडी मोडत, घालत.
"म्हणजे विस्तव विझवायचा नाही.
आच कमी करायची."
मी ते जसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं.
डॉक्टर हो म्हणाल्या. दोनदा.

"माझं बोलणं पोचेल त्यांच्यापर्यंत?"
बहुतेक पोचेल. खात्री देता येत नाही.
दुसरं वाक्य गिळून टाकावं असं फार वाटलं.
तेही सांगितलं.

"आणि पोरगा आला, तर ओळखतील?"
त्यावर डॉक्टर जरा थांबल्या.
कदाचित नाही, म्हणाल्या. म्हणून आधी फोन लावू,
औषध त्यानंतर.

फोन आजोबांच्या कानाशी धरला.
पलीकडे वाऱ्याचा नुसता घोंघाट, त्यात मुलाचा आवाज.
आजोबा म्हणाले, काटा बघ रे.
बघतोय बाबा, तो म्हणाला.
माझी पाळी लागली. तुम्ही सुटलात.
कुठल्या पाळीवर आलास?
तिसऱ्या.
"मग डबा खाऊन घे आधी," म्हणाले आजोबा.

याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

पंपावर बारीक हिरवा दिवा उघडमीट करू लागला.
दहा मिनिटं काहीच झालं नाही.
वेणूताई माझ्याकडे बघत होत्या,
जणू उशीर मीच लावतेय.
मग चादर सुटली. एका हातातून, मग दुसऱ्या.
आठी मात्र राहिली थोडी.
नर्सनं वाकून पाहिलं, घड्याळ पाहिलं, लिहिलं.

फॉर्मवर मी भरलं:
भाषा मराठी. वेळ पंचावन्न मिनिटं.
काही अडचण आली का, याच्यापुढे
पेन बराच वेळ धरून ठेवलं, मग आडवी रेघ मारली.

बाहेर मोटार धुणाऱ्या पोरानं मला येताना पाहिलं
आणि पाण्याचा जोर कमी केला,
मी पलीकडे जाईपर्यंत.